लीलामावशीची कारणं

आमच्या धरणावर कोणीही आलं, मोटारीतून येवो की पायी, लीलामावशी त्याला सगळ्यात आधी एकच गोष्ट विचारायची. नाव नाही, गाव नाही. "आईचा नंबर सांग."

मलाही तिनं हेच विचारलं होतं. कनिष्ठ अभियंता म्हणून माझी कर्जत तालुक्यातल्या एका लहानशा मातीच्या धरणावर नेमणूक झाली, सोमवारी हजर व्हायचं होतं. म्हटलं, आदल्या दिवशी नुसतं बघून येऊ. जुलैतला रविवार. साजगावहून निघालो तेव्हा उघडीप होती, म्हणून रेनकोट घरीच ठेवला, आणि कडावच्या पुढं चिंब भिजलो. धरणाच्या भिंतीच्या टोकाशी चौकी होती, रस्त्यावर आडवा बांबू टाकलेला होता आणि बांबूच्या पलीकडं प्लास्टिकच्या खुर्चीवर छत्री धरून एक बाई बसली होती. लुगड्यावर पुरुषाचा खाकी शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या.

"गाडी तिकडं लाव. आणि आईचा नंबर सांग."

"कशाला?"

"मला लागतो."

"अहो बाई, मी इथला नवीन इंजिनिअर आहे. उद्यापासून हे धरण माझ्याकडे आहे."

तिनं मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "असाल. इंजिनेराला आय नसती काय?"

मी गुमान नंबर दिला. मांडीवरच्या शाळेच्या वहीत तिनं तो लिहून घेतला आणि त्याच्यापुढं लिहिलं, 'निळा शर्ट, एकटा'. मग बांबू वर केला.

संध्याकाळी घरी पोचलो तर आई दारातच उभी. "रेनकोट न घेता गेलास ना? आणि खोकला अजून गेलेला नाही." मी विचारलं, तुला कोणी सांगितलं? आई म्हणाली, "लीला म्हणून कोण बाई होती. नंबर खरा आहे की खोटा बघायला केला म्हणाली. मग बसलो बोलत." म्हणजे मी कामावर हजर होण्याआधीच माझ्या हाताखालच्या चौकीदार बाईला माझा खोकला, माझं न जमलेलं लग्न आणि मला वांगं आवडत नाही हे सगळं कळलेलं होतं.

धरणाचा चौकीदार खरं तर तिचा नवरा. तो काविळीनं गेला तेव्हा पदरात दोन मुली होत्या. अनुकंपा तत्त्वावर खात्यानं नोकरी दिली ती त्याच्याच जागेवर. गणवेश म्हणून तिला काय द्यायचं हे कोणाला ठरवता येईना, तेव्हा तिनं नवऱ्याचाच खाकी शर्ट अंगात घातला. पुढं तसलेच शर्ट ती शिवून घेत गेली. तिच्या कामाचा एक जुना कागद चौकीत खिळ्याला टांगलेला होता. सकाळी आठला पाण्याची पातळी बघून लिहिणे, दरवाजे सांगितल्याप्रमाणे उघडणे-बंद करणे, भिंतीवर गुरे चरू न देणे, झाडेझुडपे काढणे. मी तो वाचत होतो तेव्हा मावशी चहा गाळता गाळता म्हणाली, "पाणी राखायचं लिवलंय, गुरं राखायचं लिवलंय. माणसं राखायचं कुठंच नाय लिवलेलं. सापडलं तर सांगा."

माणसं तर लोंढ्यानं यायची. पावसाळ्यात सांडव्यावरून पाणी वाहायला लागलं की शनिवार-रविवारी चौकीपासून अर्धा कोस गाड्या उभ्या असत. पोहणारे, भिजणारे, वडापाव विकणारे, गाडीचं दार उघडं टाकून गाणी लावणारे. ह्या सगळ्यांच्या मध्ये ही एक बाई, एक छत्री आणि एक वही. लाल शर्ट, तिघे. पिवळी ओढणी, दोन बहिणी. टक्कल, बायको, लहान मुलगी. सहापर्यंत जो परत निघेल त्याच्या ओळीवर ती काट मारायची. ज्याच्या ओळीवर काट नाही त्याला हुडकायला स्वतः भिंतीवरून चालत जायची. कोणी दंगा केला, कोणाच्या पिशवीत बाटली निघाली, तर भांडायची नाही. बाजूला जाऊन फोन लावायची. "ताई, तुमचा मुलगा हितं धरणावर हाय. लाल शर्ट. हो, तोच. घ्या, बोला त्याच्याशी." मी पाहिलंय, सहा फुटी धटिंगण पोरं फोन कानाला लावून "हो आई, निघालोच" म्हणत गाडीकडं चालू लागायची.

मला ह्या वहीची आधी गंमत वाटायची. एकदा मी हसत विचारलं, "मावशी, बापाचा नंबर का नाही घेत?"

"बाप फोन उचलून 'मीटिंगमध्ये हाय' म्हणतो," ती म्हणाली.  चौकीच्या भिंतीवर चढवलेल्या शिराळ्याच्या वेलाची पिवळी पानं खुडत राहिली. आणि मग तिनं त्या मुलाचं सांगितलं.

मी येण्याच्या काही वर्षं आधीची गोष्ट. पाच-सहा जण आले होते, एक बुडाला. जवळच्या वाडीवरच्या लोकांनी त्याला बाहेर काढलं तोपर्यंत बरोबरचे घाबरून गाड्या घेऊन पळून गेले होते. मोबाइल त्याच्या खिशात, पाणी जाऊन बंद पडलेला. कोण, कुठला, काही कळेना. "पोलीस म्हणले, पंचनामा होईपर्यंत बसा इथं. दुपारपासनं दिवस मावळेपर्यंत बसले मी त्याच्याजवळ. माज्या पदरानं माश्या वारत होते. कोणाचं तरी लेकरू होतं ते, आणि तिकडं त्याची आय चपाती करून वाट बघत असंल, आणि मला तिला सांगता येत नवतं." वेलावरून हात काढून तिनं तो लुगड्याला पुसला. "दुसऱ्या दिवशी दुकानात गेले आणि वही घेतली."

त्यानंतर मी त्या वहीवरून कधी हसलो नाही.

मात्र खात्याची रीत वेगळी होती. पावसाळा आला की बंदीचा आदेश यायचा, मग मी आणि दोन मजूर जाऊन पाट्या ठोकायचो. 'पोहण्यास सक्त मनाई आहे.' मला वाटायचं, आपण आपलं काम केलं. मावशी पाटीकडं बघून म्हणायची, "छान रंगवलीये." एका रविवारी बंदोबस्त कडक होता, चौकीपाशी एकही गाडी नव्हती. मी खूश होतो. मावशीनं मला भिंतीच्या मध्यापर्यंत चालत नेलं आणि पलीकडच्या काठाकडं बोट केलं. जंगलातल्या पायवाटेनं माणसं उतरत होती. चांगली शे-दीडशे तरी असतील.

"पुढचं दार लावलं की माणूस मागल्या दारानं येतो," ती म्हणाली. "हितं सांडव्याखाली पाणी उथळ होतं सायेब. मी नजरेनं बघू शकत होते. तिकडं माजी शिट्टी ऐकू जात नाय. आणि तिकडंच खड्डे हायत."

"कसले खड्डे? नकाशात तर तिकडं सगळा सपाट उतार दाखवलाय."

"नकाशात नसतील. ह्या भिंतीची माती कुठनं आली मग? मी पंधरा वर्षांची होते. माज्या आयबरोबर ह्याच धरणावर कामाला होते, घमेलं डोक्यावर घेऊन. तो पळस दिसतो? त्याच्या खाली एक. त्याच्या उजव्या अंगाला दुसरा. तिसरा त्या काळ्या खडकाच्या अलीकडं. उकरली आमी माती आणि तशीच सोडली. मग पाणी भरलं, संपलं." मग म्हणाली, "तो पोरगा पळसाखालीच सापडला."

मी कचेरीत जाऊन जुने कागद चाळले. खड्ड्यांचा उल्लेख कुठंच नव्हता. माझ्या वरचे उपअभियंता साहेब उंचेपुरे, मनानं वाईट नव्हते, पण कागदावर नसलेल्या गोष्टीवर त्यांचा विश्वास नसे. म्हणाले, "चाळीस वर्षांत गाळानं केव्हाच भरून गेले असतील. आणि पर्यटक हा आपला विषय नाही. आपला विषय पाणी." मी तो विषय तिथंच सोडला. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं.

मग आली धुळवड. रंग खेळून धुवायला म्हणून लोक धरणावर येतात, त्यात जवळच्या फार्महाउसवरच्या पाहुण्यांची टोळी आली. मावशीनं सगळ्यांचे नंबर घेतले. तासाभरानं त्यातला एक पंचविशीचा तरुण, चांगली घेतलेली, भिंतीवरून पाण्यात उडी मारायची पैज लावून उभा राहिला. मावशीनं फोन लावला. पंधरा मिनिटांत त्याची आई मोटार घेऊन आली, रंगलेल्या कपड्यांनिशी, आणि सगळ्यांदेखत त्याला दंडाला धरून घेऊन गेली.

चार दिवसांनी वडिलांची तक्रार आली, इंग्रजीत टाइप केलेली, थेट वरपर्यंत. चौकीदार बाई कोणताही अधिकार नसताना नागरिकांची खासगी माहिती जबरदस्तीनं घेते, त्यांच्या घरच्यांना फोन करून बदनामी करते, वगैरे. वरून विचारणा आली. साहेबांनी मला सांगितलं, "बाईंना कारणे दाखवा नोटीस काढ. सात दिवसांत खुलासा."

ती नोटीस मी लिहिली. माझ्या हातानं, माझ्या सहीनं. तिची निवृत्ती दीड वर्षावर आली होती. आयुष्यात कधी तिच्या नावानं कागद निघाला नव्हता. नोटीस घेऊन चौकीवर गेलो तेव्हा ती तांदळाच्या भाकरी थापत होती. मी वाचून दाखवली.  तिनं भाकरी उलटली, तव्यावर पाणी फिरवलं.

"बाप रागावला म्हणायचा. आय काय म्हणली?"

"आईचं काही लिहिलेलं नाही."

"मग झालं." मग थोड्या वेळानं, आवाज जरा खाली आणून तिनं विचारलं, "नोकरी जाईल का रं माजी?" एरवी ती मला साहेब म्हणायची. तो एकेरी 'रं' ऐकून मला नोटीस परत खिशात घालावीशी वाटली.

"नाही जाणार," मी म्हणालो. मला माहीत नव्हतं.

"काय लिवलंय म्हणलं वर? ते मोठं अक्षर?"

"कारणे दाखवा."

"कारण दाखवा म्हणतात ना? मग दाखवते की." ती हात धुऊन आली. "लिवा. कारण कागदावर दाखवता येत नाय. धरणावर या. मे महिन्यात या, पाणी खाली गेल्यावर. मी दाखवते."

मी लिहिलं, शब्दाला शब्द. खाली तिनं चौथीच्या अक्षरात सही केली. आणि तो खुलासा वर पाठवताना मी, कोणी न सांगता, स्वतःची एक ओळ जोडली. सदर जागेची सर्व संबंधित खात्यांनी संयुक्त पाहणी करावी. ती ओळ टाइप करायला मला अर्धा तास लागला. साहेबांनी भुवया वर केल्या, पण सही केली.

मे महिन्यात उन्हाळी भाताला शेवटचं पाणी सोडून झालं आणि धरण तळाला गेलं. पाहणीच्या दिवशी पाच गाड्या आल्या. आमचे साहेब, पोलीस ठाण्याचे एक अधिकारी, वनखात्याचे एक, गावचे सरपंच आणि ह्या सगळ्यांना बोलावणाऱ्या महसुलाच्या मॅडम, ज्यांच्यापुढं चौकशी होती. मावशीनं नवा खाकी शर्ट घातला होता. मी मात्र रात्रभर झोपलो नव्हतो. पलीकडचा काठ आदल्या आठवड्यापर्यंत पाण्यात होता, मला स्वतःला जाऊन बघायला सवड झाली नव्हती. साहेब म्हणाले तसे खड्डे गाळानं भरलेले असले तर? चाळीस वर्षांपूर्वीच्या एका पोरीची आठवण, एवढंच आमच्या हातात होतं.

भेगाळलेल्या चिखलातून मावशी पुढं चालली, आम्ही मागं. पळसाच्या रेषेत आली आणि थांबली. "हे बघा."

खड्डा होता. तळाशी थोडा गाळ साठलेला, पण कडा अजून सरळ, कुदळीनं कापल्यासारख्या. एका बाजूनं तेवढा उतार होता.

"सायेब, तुमी उंच हाव. जरा उतरा आत," ती आमच्या साहेबांना म्हणाली. ते मॅडमकडं बघायला लागले. मॅडम म्हणाल्या, "उतरा ना." साहेब बूट सांभाळत उतरले. तळाला उभे राहिले तेव्हा त्यांचं डोकं आम्हाला दिसेना.

"आता हात वर करा."

जमिनीच्या वर त्यांची बोटं तेवढी दिसली.

"ह्याच्यावर गुडघ्याएवढं पाणी धरा," मावशी म्हणाली. "पाणी गढूळ. काठावरनं माणूस चालत येतो, गुडघ्याएवढ्या पाण्यात. त्याला वाटतं असंच हाय पुढं. आणि पुढचं पाऊल हितं पडतं." आणि तिनं चप्पलेच्या टोकानं कडेवरची माती आत लोटली. "हे एक कारण. अजून दोन हायत. चला, दावते."

साहेब बाहेर आले तेव्हा घामाघूम झाले होते. पाठीमागं हात बांधून ते बराच वेळ त्या खड्ड्याकडंच बघत होते.

तिसऱ्या खड्ड्यापाशी बोलणी सुरू झाली, आणि तीच नेहमीची. पोलीस अधिकारी म्हणाले, आम्ही बंदोबस्त देऊ शकतो, पण जागा आमची नाही. वनखात्याचे म्हणाले, पायवाट आमच्या हद्दीत आहे, पाणी नाही. सरपंच म्हणाले, कचरा आम्ही उचलतो, पण धरण सरकारचं. आमचे साहेब सवयीनं म्हणाले, आमचा विषय पाणी... आणि तिथंच अडखळले.

मावशी ऐकत होती. ऊन डोक्यावर आलेलं. तिनं पदर पुढं ओढला आणि म्हणाली, "मी बोलू?"

मॅडम म्हणाल्या, "चौकशी तुमचीच आहे मावशी. बोला."

"बुडलेलं माणूस वर काढतो ना सायेब, तेव्हा त्याच्या अंगावर कुठल्या खात्याचा शिक्का नसतो. कोणी विचारत नाय हे पोलिसाचं का जंगलाचं. तो नुसता पडलेला असतो, आणि शेजारी मी असते."

तिनं मागं वळून भिंतीकडं हात केला.

"धरण सरकारनं बांधलं. माजी आय त्याच्यावर राबली, मी राबले. पाणी सरकारनं अडवलं. मग ह्या पाण्यावर आलेलं माणूस कोणाचं? माजं एकटीचं? आणि येऊ नको म्हणून माणूस थांबत नाय. उन्हात गुरं पाण्याकडं जातात तसा तो जातो. त्याला हितं ये, हितं बस, ह्याच्यापुढं जाऊ नको, असं सांगणारं कोणतरी पायजे. पाटी सांगत नाय. पाटीला डोळे हायत काय?"

मॅडमनी त्या काळ्या खडकावर बसून तिथल्या तिथं लिहायला घेतलं. त्या दिवसाचं ते दृश्य मला अजून दिसतं: गुडघ्यावर फाइल, डोक्यावर कोणीतरी धरलेली छत्री, आणि एकेका माणसाकडं बोट करून त्या विचारतायत, "तुम्ही काय करणार? कधीपर्यंत?" सगळ्यात आधी बोलले ते आमचे साहेबच. "खड्डे आमचे आहेत मॅडम. पावसाच्या आत भरतो." जाताना मॅडमनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "ती नोटीस मागे घ्या. खुलासा समाधानकारक आहे असं लिहा."

सगळं काही सुरळीत झालं असं मी म्हणणार नाही. खड्डे मात्र खरंच भरले. धरणातलाच गाळ काढून, साहेब स्वतः उन्हात उभे राहून. सांडवा लोकांना बंदच राहिला, जंगलाच्या वाटेला कुंपण पडलं. चौकीच्या जवळ, जिथं तळ सपाट आणि माहितीतला होता, तिथं दगडी पायऱ्या केल्या आणि पाण्यात दोरी ताणून तिला तरंगते पिवळे डबे बांधले. डब्यांच्या अलीकडं भिजा, पलीकडं नाही. वाडीवरच्या चौघा तरबेज पोहणाऱ्यांना पावसाळाभर जीवरक्षक म्हणून नेमलं. बायकांना कपडे बदलायला खोली झाली. तिच्या दाराला पहिला महिना कडीच नव्हती. मावशी दाराला पाठ लावून उभी राहायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला पंचायतीच्या नावानं बोल लावायची. शेवटी सरपंच स्वतः कडी आणि स्क्रू घेऊन आले. पहिल्या मोठ्या पुरात दोरी तुटून डबे कालव्यात गेले, ते आम्ही दोन दिवस गोळा करत होतो. पण त्या पावसाळ्यात कोणी बुडालं नाही. पुढच्या पावसाळ्यातही नाही.

वहीचंही ठरलं. मॅडमच्या आदेशात नोंदवहीची तरतूद होती, म्हणून खात्यानं छापील वही पाठवली. त्यात रकाना होता, 'तातडीच्या संपर्काचा क्रमांक'. मावशीनं ते वाचलं आणि वही मिटून माझ्याकडं सरकवली.

"आईचा नंबर असं छापा."

"मावशी, असं नाही करता येत. कोणाला आई नसते. कोणी बायकोचा देईल, कोणी भावाचा. नियमात आई बसत नाही."

"तर मग नियम अंमळ सैल शिवायचा," ती म्हणाली. पण कोणाला आई नसते, हे तिला पटलं असावं. त्यानंतर ती विचारताना म्हणायची, "घरी तुझी वाट कोण बघतंय? त्याचा नंबर सांग."

ती निवृत्त झाली त्या दिवशी चौकीपुढं मांडव घातला होता. साहेबांनी भाषण केलं, शाल दिली. मावशीला बोला म्हटलं तर ती उभी राहिली, म्हणाली, "जेवल्याबिगर कोणी जायचं नाय," आणि बसली. सुकट, तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, सगळं तिच्या लेकींनी केलेलं. महसुलाच्या मॅडम बदलून दुसऱ्या जिल्ह्यात गेल्या होत्या, त्यांचा फोन आला. मावशी त्यांच्याशी बोलायला लांब बांधापर्यंत गेली आणि डोळे पुसत परत आली. तिच्या जागेवर खात्यानं नवा चौकीदार दिला आणि त्याच्या जोडीला पावसाळ्यापुरता आणखी एक. मी त्या कागदावर सही केली तेव्हा मनात आलं, एका बाईचं काम वाटून घ्यायला आता किती माणसं लागतायत. आणि हेही आलं, की ती इतकी वर्षं हे एकटी का करत होती, हे आम्ही सगळ्यांनी आधी विचारायला हवं होतं. मी तर नक्कीच.

माझीही बदली झाली, खालापूरकडं. निघायच्या आधीच्या रविवारी धरण शेवटचं बघून यावं म्हणून गेलो. गर्दी होती, पण शिस्तीतली. नव्या चौकीदारानं माझ्याकडून आईचा नंबर घेतला. पायऱ्यांवरून खाली नजर टाकली तर सगळ्यात खालच्या पायरीवर, दोन लेकी आणि नातवंडांच्या मध्ये, लीलामावशी बसली होती. खाकी शर्ट नव्हता. हिरवं लुगडं गुडघ्यापर्यंत वर खोचलेलं, पाय पाण्यात.

मी जाऊन शेजारी बसलो. "मावशी, आज पाहुण्या म्हणून?"

"पाहुणीच की." तिनं पाय हलवले, पाण्यावर वर्तुळं उठली. "तुला सांगते, माती वायली तेव्हा पाणी नवतं. पाणी आलं तेव्हा मी संसारात. मग नोकरी लागली, तेव्हापासनं पाण्याकडं पाठ करून माणसंच बघितली. कोण उतरलं, कोण वर आलं. हे पाणी एवढं गार असतं हे मला ठाऊकच नवतं."

नातीनं तिच्या अंगावर ओंजळभर पाणी उडवलं. मावशी खळखळून हसली, तिला असं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात पिवळ्या डब्यांकडून जोरात शिट्टी वाजली. कोणीतरी दोरीच्या पुढं गेला असावा. मी चटकन मान वर करून पाहिलं. जीवरक्षक निघालाच होता, लांब लांब हात टाकत.

मावशीनं मान वळवली नाही. ती पाण्यातल्या आपल्या पायांकडं बघत होती.